दगडाचं अंडं

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात कुरबुर झाली ती कोंबडीवरून. शेजारची लसमक्का आपली तांबडी कोंबडी काखेत दाबून फाटक लोटत आली आणि अव्वाच्या पुढ्यात, विड्या वळायच्या सुपाशेजारी, तिला ठेवून मोकळी झाली. कोंबडीनं पिसं फुलवली, गळ्यातल्या गळ्यात कुरकुरली आणि सुपाच्या सावलीत फतकल मारली.

“मोड वं वदिना हिची खुडूक,” लसमक्का म्हणाली. “अंडं देईना का दाणा टिपना. रिकाम्या टोपल्यात बसून माझ्यावरच डोळे वटारती. नवऱ्यानं वटारले तं ऐकून घेते मी, हिचं कामून ऐकू?”

अव्वानं, माझ्या आईनं, हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला आणि मग कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिचा तो हात साऱ्या आळीला ठाऊक होता. पोटाखालची ऊब बघून ती सांगायची, ही कालपरवा चढलेली खुडूक आहे की मुरलेली. खुडूक मोडायची असली की बाया कोंबड्या घेऊन आमच्याकडंच यायच्या. दुसऱ्या कुणी पाण्यात बुडवली तर कोंबडी मरायची, नाहीतर चिडून डोळे फोडायला यायची. अव्वाच्या हातात ती गप्प राहायची.

रोहिणीचं ऊन होतं. अशा दिवसांत आमच्याकडं कोंबडीखाली अंडी ठेवत नाहीत. ठेवली तर निम्मी सडतात, आणि जी पिल्लं निघतात ती मृगाच्या पहिल्या सरीत आखडून मरतात. पण कोंबडीला नक्षत्र कळत नाही. तिच्या अंगात ऊब भरते आणि ती बसते; अंड्यांवर बसते, रिकाम्या टोपल्यात बसते, कुणाच्या फाटक्या चपलेवरही बसते.

अव्वानं तांबडीला उचललं, रांजणाजवळच्या गंगाळात पोटापर्यंत बुडवून धरलं. मग तिच्याच पंखातलं एक बारीक पीस उपसलं आणि दोन्ही नाकपुड्यांतून अलगद आरपार ओवलं. लहानपणी हे बघताना मी डोळे मिटून घ्यायची. ते पीस झटकण्याच्या नादात कोंबडी दिवसभर मान हलवत, पाय घासत फिरते आणि बसायचं विसरते. तिला खाली सोडण्याआधी अव्वा नेहमी तिच्या मानेशी तोंड नेऊन एकच गोष्ट म्हणायची, कानात सांगितल्यासारखी हळू. तेव्हाही म्हणाली.

“ऊठ माय, ऊठ. यात काही न्हाई.”

तांबडी मान झटकत उकिरड्याकडं गेली. लसमक्कानं कमरेवर हात ठेवून अंगणाच्या कोपऱ्याकडं हनुवटी उडवली.

“आन ती?”

कोपऱ्यात कडुलिंबाखाली जुन्या टोपल्यात आमची काळी बसली होती. तिच्याखाली अंडं नव्हतं, धोंडा होता. पांढरा, गुळगुळीत, अंड्याएवढाच. धर्मपुरीला गोदावरीत बुडी मारताना अव्वाच्या पायाला लागला म्हणून तिनं उचलून आणला होता. कोंबड्यांनी कुठंही न घालता एकाच जागी अंडी घालावीत म्हणून तो टोपल्यात असायचा. अंडी उचलली जात, धोंडा राही. काळी कधीपासूनची त्यावर बसून होती, आणि अव्वानं तिला पाणीही दाखवलं नव्हतं, पीसही.

“आमच्या कोंबड्यांच्या नाकात पिसं आन हिची बसली राणीवाणी,” लसमक्का म्हणाली. “गावाला वैद्य आन घरातच रोगी व्हय गं भूमव्वा?”

“ती माझी हाय,” अव्वा म्हणाली.

“तुझी हाय म्हणूनच तं.” लसमक्का जायला वळली आणि फाटकाशी थांबून हसली. “आज शुक्रवार न्हवं? आज तुझीबी चढली असंल.”

मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. मी मान वर केली नाही. हे तोंडावर बोलायची मुभा सगळ्या आळीत एकट्या लसमक्काला होती. बाकीच्या पाठीमागं बोलत. अव्वा मात्र हसली आणि पुढचं पान कात्रीत धरून म्हणाली, “मग माझ्या नाकातबी ओव पीस. कोंबडी धरायचा दम न्हाई, मला काय धरशील.”

शुक्रवारचं असं होतं. मी दुसरीत असताना माझे वडील, राजेशम, दुबईला गेले. आमच्या गावात घरटी एक माणूस गेलेला, त्यात नवल नव्हतं. तिकडं सुट्टी शुक्रवारी, म्हणून फोन शुक्रवारी दुपारी यायचे, बस स्टँडवरच्या टपरीत. अव्वा न्हायची, केसात फूल माळायची, माझी वेणी घालायची आणि आम्ही टपरीपुढच्या बाकावर जाऊन बसायचो. काही काळ फोन आले. मग येईनासे झाले. तिकडून परतलेली माणसं काही काही सांगत. एकानं त्यांना शारजाच्या मजूरवस्तीत बघितलं होतं. एक म्हणाला, त्यांनी तिकडं दुसरं घर केलंय. एक म्हणाला, वाळवंटात ट्रक उलटला त्यात ते होते, ओळख पटली नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर कुणीच तीच गोष्ट सांगत नसे.

टपरी बंद झाली, तिथं मोबाइलचं दुकान आलं, तेही गेलं. अव्वा जात राहिली. मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बाकावर बसायची. अंडी लवकर संपायची, ती उठायची दिवेलागणीला. कपाळाचं कुंकू, हातातल्या हिरव्या बांगड्या, पायातली जोडवी, काहीच तिनं उतरवलं नव्हतं. लग्नाकार्यात हळद लावायला तिला कुणी पुढं बोलावत नसे आणि विधवांच्या ओळीत बस म्हणायचीही कुणाची छाती नसे. ती आपली होऊन चुलवणापाशी जाऊन बसायची. ना सुपात ना जात्यात.

बारा वर्षं उलटल्यावर माझे चुलते, ओदेलू काकय्या, भटजींना घेऊन आले होते. इतकी वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, सुतक धरतात आणि घर मोकळं करतात. दर्भाची जुडीही त्यांनी आणली होती. अव्वानं दोघांना पाणी दिलं, ताक दिलं आणि म्हणाली, “माणूस करून जाळायचा तं माझा करा. मी हितंच हाय, शोधाया लागत न्हाई.” काकय्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. जुडी आमच्या छपरात बरीच वर्षं होती. कोंबड्यांनी तिचं काड्याकाड्यांनी घरटं केलं.

मी शिकले, हनमकोंड्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. वाट पाहणाऱ्या बायकांविषयी मी पुष्कळ वाचलं आहे, वर्गात शिकवलंही आहे. सुट्टीला घरी आले की दर शुक्रवारी अव्वा आरशापुढं उभी राही आणि एक वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसे. ते कसं म्हणावं, हे त्यातल्या एकाही पुस्तकात नव्हतं.

त्या दुपारी ती ओल्या केसांचा अंबाडा घालत होती. मी काळीवरूनच सुरुवात केली.

“अव्वा, हिची खुडूक का मोडत नाहीस?”

“बसू दे.”

“दगड आहे तो. तिला कळत नाही का?”

तोंडात धरलेला आकडा तिनं केसात खोचला. “कळत न्हाई कसं? रोज उलटून बघती की चोचीनं. दगड हाय का अंडं, कोंबडीला सगळं कळतं, बिड्डा.”

“मग?”

“मग काय.” ती आरशात बघून कुंकू लावत होती, बोट स्थिर होतं. “ऊब हाय न अंगात. कुटं ठिवावी तिनं?”

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तिनं टोपली उचलली, वर ओला फडका घातला, म्हणाली, “चुलीवर डाळ हाय, करपू देऊ नको. येते.” मी “ये” म्हणाले.

दिवेलागणीला ती परत आली. अंडी संपली होती आणि टोपलीत कागदात बांधलेली मिरची भजी होती. आम्ही उंबऱ्यात बसून खाल्ली. भजीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, नवरामुलगा मस्कतला आहे, असं तिनं सांगितलं. मग फाटकातून घुसलेली तांबडी तिनं पकडली, तिच्या नाकातलं पीस काढलं, पोटाखाली हात घालून बघितलं आणि कुंपणावरून लसमक्काला हाक मारली, “ने गं तुझी बया. निवली.”

एवढाच तो दिवस. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून घागर घेऊन आले तेव्हा अव्वा भिंतीला टेकून बसली होती, रोजच्यासारखी. सूप मात्र कलंडलं होतं. तंबाखू मातीत सांडली होती आणि दोऱ्याचं रीळ घरंगळत काळीच्या टोपल्यापर्यंत गेलं होतं. तिच्या बोटांत अर्धी वळलेली विडी होती. मी हाक मारली. कोपऱ्यातून काळी कुरकुरली.

दुपारपर्यंत अंगण भरलं. वेशीजवळचे डफवाले आले. बायका रडत होत्या, आणि रडण्यातच शब्द गुंफत होत्या, आमच्याकडं रडतात तशा. कुणी तिच्या हाताला रडत होती, कुणी तिच्या अंड्यांना. लसमक्का रडत नव्हती. ती माझ्या पाठीशी बसून माझ्या डोक्यावर ओलं फडकं धरून होती. इतक्या गर्दीत, डफाच्या आवाजात, काळी टोपल्यातून उठली नाही. कुणाचा पाय जवळ पडला की चोच मारायची.

आंघोळीची वेळ झाली तेव्हा सगळं थांबलं. परटीण नरसव्वा हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिनं कुणाकडं न बघता विचारलं, “सवाशीण म्हणून न्हाऊ घालू का तशीच?”

काकय्या पुढं झाले. पांढरं लुगडं त्यांच्या काखेत होतं. येतानाच आणलं होतं. त्यांच्यामागं आमच्या जातीची दोन वडीलधारी माणसं. एक म्हणाला, नवरा गेलेला असंल आन आपण हळदीकुंकवानं धाडली तं पाप लागतं. दुसरा म्हणाला, तो जिता असंल आन आपण बांगड्या फोडल्या तं त्याला ते भोवतं, ते पाप कुणाच्या माथी? पहिला म्हणाला, इतकी वर्षं जिता माणूस घराकडं बघत न्हाई व्हय? दुसरा म्हणाला, बघत न्हाईत असे लई जिते हाइत. यावर मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“तिनं तवाच ऐकलं असतं तं आज ही पाळी आली नसती,” काकय्या म्हणाले. आवाजात राग नव्हता. भाऊ त्यांचाही गेला होता. त्याच्यासाठी रडायचंही त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मग ते माझ्याकडं वळले. “वनजा, तू शिकलेली हाइस. तूच सांग. तुझा बापू हाय का न्हाई?”

अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडं झाली. नरसव्वाच्या हातातली वाटी तिरकी झाली होती.

“हळद लावा,” मी म्हणाले.

“म्हंजी तो जिता हाय, असं तुझं म्हणणं?”

“मी हळद लावा म्हणाले, काकय्या.”

मग त्यांनी पांढरं लुगडं हळूच नातवाच्या हाती दिलं आणि ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. नरसव्वानं हळद लावली, कपाळभर कुंकू लावलं. केसात घालायला फूल कुणी आणलं नव्हतं. लसमक्का उठली, आपल्या दारातल्या जास्वंदीची दोन तोडून आणली. अव्वा बस स्टँडकडं निघाल्यासारखी दिसत होती. आमच्यात पुरतात तसं तिला आम्ही माळावर पुरलं, तिच्या आईच्या शेजारी. माती लोटताना बांगड्या वाजल्या. तेवढं मला ऐकू आलं.

नंतरचे दिवस माणसांचे होते. येणारे बसत, पाणी पीत, तेच विचारत. लसमक्का सकाळ-संध्याकाळ आंबील आणून माझ्यापुढं ठेवी आणि संपेपर्यंत उभी राही. कोंबड्यांना मी दाणे टाकायची. काळी दिवसातून एकदा उठायची, घाईघाईनं चार दाणे टिपायची, मातीत अंग घोळायची आणि धावत टोपल्यात जायची, कुणीतरी हाक मारल्यासारखी. धोंडा चोचीनं फिरवायची आणि वर बसायची.

अकराव्याच्या आदल्या दिवशी काकय्या जेवणाचं बघायला आले. तिच्या आवडीचं रांधायचं म्हणजे कोंबडी आलीच. त्यांनी अंगण न्याहाळलं आणि काळीकडं बोट केलं.

“ही तशीबी बसूनच हाय. अंड्याची न्हाई का पिल्लाची न्हाई.”

“हिच्यात काय मिळणार तुमाला?” लसमक्का म्हणाली. “निस्ती पिसं आन राग. रस्सा केला तं पाहुण्यालाच चावंल. माझा कोंबडा न्या.”

काकय्या हसले नाहीत, पण कोंबडा नेला. काळी वाचली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, पाहुणे पांगले. जाताना काकय्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच म्हणाले, “घराची किल्ली माझ्यापाशी ठेवून जा. झाडलोट मी करून घेईन.” ते पांढरं लुगडं त्यांनी नरसव्वाला देऊन टाकलं होतं, असं मला मागाहून कळलं.

कॉलेज उघडायला आलं. मी जायचं ठरवलं. कोंबड्या लसमक्कानं न्यायच्या असं ठरलं, आणि ती दुपारी डालगं घेऊन आली. सगळ्या एकेक करून भरल्या. काळी राहिली.

“ही अशी न्हाई न्यायची,” लसमक्का म्हणाली. “अशीच उचलून नेली तं माझ्याकडं जाऊन कोपऱ्यात बसंल आन मरंल. बघ कशी झाली. आधी हिची मोड.”

“तूच मोड.”

“मला जमत असतं तं मी आयुष्यभर तुझ्या आईच्या दारात कोंबड्या कामून आणल्या असत्या? तू धर. हात तिचाच हाय तुझा.”

मी टोपल्यापाशी बसले. काळीनं पिसं फुलवली, माझ्या मनगटावर चोच मारली, पुन्हा मारली. मी हात तसाच पोटाखाली सरकवला. तिथं पिसं नव्हती. तिनं स्वतःच उपटून टाकली होती, ऊब नीट पोचावी म्हणून. कातडी उघडी होती आणि ताप चढलेल्या लेकराच्या कपाळासारखी भाजत होती. मी तिला उचललं. तिचं वजन जवळजवळ नव्हतंच.

धोंडा टोपल्यात दिसला. मी दुसऱ्या हातानं तो उचलला आणि दचकले. तो गरम होता. कडुलिंबाची दाट सावली होती, ऊन तिथं कधीच येत नव्हतं. इतके दिवस पोटाखाली राहून राहून तो आतपर्यंत तापला होता. मुठीत धरल्यावर, हे अंडं नाही असं मला कुणी सांगून पटलं नसतं.

“बुडव,” लसमक्का म्हणाली.

मी काळीला गंगाळात पोटापर्यंत बुडवलं. ती एकदा थरथरली आणि अव्वाच्या हातात राहायची तशी गप्प राहिली. लसमक्कानं पंखातलं पीस उपसून माझ्यापुढं धरलं. मी नको म्हणून मान हलवली. तिनं जोर केला नाही. पीस पाण्यात सोडून दिलं.

“बरं, पीस ऱ्हाऊ दे. पण म्हण. तिच्यावाणी म्हण तरी. त्याबिगर कुठलीच उठायची न्हाई, मी बघितलंय.”

मी कोंबडीच्या मानेशी तोंड नेलं. ओल्या पिसांना तंबाखूचा वास येत होता; आमच्या अंगणातल्या सगळ्यालाच येतो. एका हातात ती होती आणि दुसऱ्या मुठीत धोंडा, अजून गरम. “ऊठ माय,” मी म्हणाले. “ऊठ. यात…” आणि पुढचं येईना.

लसमक्का थांबून होती. फाटकापलीकडच्या रस्त्यावरून बस स्टँडकडं जाणारी मोटार गेली, धूळ उडाली, बसली. शुक्रवार होता. मी मान वर केली. भिंतीवर, ती टेकून बसायची तिथं, पाठीनं घासून गुळगुळीत झालेली जागा होती. मी त्या जागेकडं बघून, अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“ऊठ अव्वा. बापू न्हाई येणार. तो कधीच येणार नव्हता. तुला ठाऊक होतं, मलाबी ठाऊक होतं. ऊठ आता.”